शाईतून उजेड : प्रकाश देणाऱ्या पेरोव्हस्काइटची छपाई

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत पदार्थविज्ञानातील एका नव्या विषयाला स्थान मिळावे, हे प्रथमदर्शनी काहीसे वेगळे वाटण्याजोगे आहे. परंतु विषय अखेर छपाईचाच आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला. तेथेच रायतूर येथे १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापून निघाले. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले आणि १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. ग्रंथालयाच्या कपाटांतील प्रत्येक पुस्तक या परंपरेचे देणे आहे. या साऱ्या छपाईत शाईचे काम एकच होते. कागदावर काळी खूण उमटवायची आणि बाहेरून पडणाऱ्या प्रकाशात ती डोळ्यांना दिसू द्यायची. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असलेली शाई मात्र वाळल्यावर स्वतःच उजळते. तिच्यातून वीज खेळवली, अथवा तिच्यावर निळा प्रकाश टाकला, की ती शुद्ध हिरवा किंवा लाल रंग बाहेर टाकते. दूरदर्शन संचाचा पडदा, क्ष-किरण टिपणारी पाटी, बनावट नोटा ओळखणारी गुप्त खूण अशा अनेक गोष्टी या शाईने छापता येतील, अशी संशोधकांची उमेद आहे.

या उमेदीच्या पोटातच एक अडचण दडलेली आहे, आणि ती समजली म्हणजे सारा विषय समजला असे म्हणता येईल. ज्या गुणामुळे हा पदार्थ शाई म्हणून वापरता येतो, त्याच गुणामुळे तो टिकत नाही. तो सहज विरघळतो म्हणून छापता येतो, आणि सहज विरघळतो म्हणूनच नाश पावतो. या एका पेचातून सुटण्यासाठी गेल्या दशकभरात जगातील शेकडो प्रयोगशाळा झटत आहेत.

आधी या पदार्थाची ओळख करून घेणे योग्य होईल. उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे परीक्षण १८३९ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव रोझे यांनी केले आणि रशियन सरदार व खनिजप्रेमी लेव्ह पेरोव्स्की यांचे नाव त्याला दिले. हे खनिज म्हणजे कॅल्शियम टायटॅनेट. पुढे पेरोव्हस्काइट हे नाव त्या एका खनिजापुरते राहिले नाही. तशी अंतर्गत रचना असणाऱ्या साऱ्या पदार्थांचे ते कुलनाम झाले. ही रचना डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही. एक घन कल्पावा. त्याच्या आठ कोपऱ्यांवर आकाराने मोठा धन आयन, बरोबर मध्यभागी लहान धन आयन आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर ऋण आयन बसवावेत. असे असंख्य घन एकमेकांना लागून रचले की पेरोव्हस्काइटचा स्फटिक झाला. कोणते आयन अशा रचनेत सुखाने बसतील आणि कोणते बसणार नाहीत, हे त्यांच्या आकारांच्या प्रमाणावरून सांगण्याचा नियम व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२६ मध्ये मांडला. या कुळाचा विस्तार मोठा आहे. पृथ्वीच्या पोटात खोलवर सर्वाधिक प्रमाणात असणारे, २०१४ मध्ये ब्रिजमनाइट असे नाव मिळालेले खनिजही याच रचनेचे आहे.

प्रकाश देणारी शाखा मात्र निराळी. तिच्यात ऑक्सिजनऐवजी क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन असते. मध्यभागी शिसे असते. आणि कोपऱ्यांवर सीझियम अथवा मिथिल अमोनियमसारखा सेंद्रिय आयन असतो. सीझियम आणि शिसे यांची अशी संयुगे १८९३ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वेल्स यांनी तयार केली होती. त्यांची रचना पेरोव्हस्काइटची आहे, हे डेन्मार्कच्या मोलर यांनी १९५८ मध्ये दाखवले. सेंद्रिय आयन असलेली जोडसंयुगे जर्मनीतील डीटर वेबर यांनी १९७८ मध्ये वर्णिली. जपानमधील संशोधकांनी १९९४ मध्ये अशा थरांच्या स्फटिकातून विजेच्या साहाय्याने झगझगीत प्रकाश काढला खरा, पण त्यासाठी उपकरण द्रवरूप नायट्रोजनाच्या थंडीत ठेवावे लागले. त्यामुळे विषय तेथेच थांबला.

त्याला नवी चालना मिळाली ती सौरघटांमुळे. २००९ मध्ये जपानचे त्सुतोमु मियासाका आणि त्यांचे सहकारी यांनी या पदार्थाचा सौरघट केला. त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. सूर्यप्रकाशातून वीज उत्तम रीतीने काढणारा पदार्थ उलट दिशेने, विजेतून प्रकाशही उत्तम रीतीने देऊ शकतो, हे भौतिकशास्त्राला ठाऊक आहे. २०१४ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने नेहमीच्या तापमानाला चालणारे पेरोव्हस्काइटचे प्रकाशोत्सर्जक डायोड, म्हणजेच एलईडी, सादर केले. शंभर इलेक्ट्रॉन आत सोडले असता बाहेर किती प्रकाशकण पडतात, यावर अशा दिव्याची योग्यता ठरते. केंब्रिजच्या त्या पहिल्या दिव्यांत हे प्रमाण अवरक्त प्रकाशासाठी ०.७६ आणि हिरव्यासाठी ०.१ इतकेच होते. अवघ्या चार वर्षांनी, २०१८ मध्ये, चीनमधील दोन गटांनी ते वीसच्या वर नेले. सेंद्रिय डायोडांना, म्हणजे ओएलईडींना, जो पल्ला गाठण्यास सुमारे दोन दशके लागली, तो या पदार्थाने इतक्या अल्प काळात गाठला.

दरम्यान २०१५ मध्ये झ्युरिक येथील माक्सिम कोवालेंको यांच्या गटाने सीझियम लेड हॅलाइडचे ४ ते १५ नॅनोमीटर आकाराचे स्फटिककण द्रावणात तयार केले. शोषलेल्या प्रकाशापैकी नव्वद टक्क्यांपर्यंत प्रकाशकण ते नव्या रंगात परत देत. रंग ठरवण्याची कृतीही सोपी होती. क्लोरीन असेल तर जांभळ्याकडे झुकणारा निळा, ब्रोमीन असेल तर हिरवा, आयोडीन असेल तर लाल आणि दोहोंचे मिश्रण केले तर मधल्या छटा. शिवाय हा रंग विलक्षण शुद्ध असतो. हिरव्या प्रकाशाचा पट्टा जेमतेम २० नॅनोमीटर रुंद असतो. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने अतिस्पष्ट दूरचित्रवाणीसाठी जे रंगमान ठरवले, त्यातील ५३२ नॅनोमीटरच्या शुद्ध हिरव्याजवळ पोहोचण्यास असाच अरुंद पट्टा लागतो.

या यशाचे रहस्य पदार्थाच्या मऊपणात आहे. तुलनेसाठी निळा एलईडी घ्यावा, ज्याच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातील गॅलियम नायट्राइडचा स्फटिक नीलमण्याच्या तबकडीवर हजार अंशांहून अधिक तापमानाला, अणूवर अणू रचत वाढवावा लागतो. त्याचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. म्हणूनच तो वर्षानुवर्षे टिकतो आणि म्हणूनच तो घडवणे कष्टाचे असते. पेरोव्हस्काइटमधील आयनांची पकड सैल असते. त्याचे घटक क्षार एका द्रावकात विरघळवावेत, थेंब काचेवर टाकावा आणि शंभर अंशांच्या आसपास ऊब द्यावी. मिठागरात पाणी आटून मिठाचे खडे धरावेत, तसे स्फटिक आपसूक धरतात. एवढ्या घाईने घडलेल्या स्फटिकात दोष राहणारच. इतर बहुतेक अर्धवाहकांत असे दोष प्रकाश गिळून टाकतात. या पदार्थातील बरेचसे दोष मात्र निरुपद्रवी ठरतात. थोडक्यात, कारखान्याची भट्टी नको, निर्वात कोठी नको, एका बाटलीत मावणारे द्रावण पुरे. अशा द्रावणाला शाई समजून प्रिंटरमध्ये भरावे, ही कल्पना सुचणे मग ओघानेच आले.

प्रयोगशाळेतील बहुतेक विक्रमी दिवे मात्र छापलेले नसतात. काचेच्या तुकड्यावर द्रावणाचा थेंब टाकून तो तुकडा मिनिटाला काही हजार फेऱ्यांच्या वेगाने गरगर फिरवतात. द्रावण पसरून पातळ थर उरतो. या पद्धतीत बहुतांश द्रावण कडेने उडून वाया जाते, थर सगळीकडे एकाच रंगाचा बसतो आणि मोठ्या पृष्ठभागावर ती चालत नाही. पडद्याला तर ठिपके हवेत. ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० असे सुमारे ८३ लाख चित्रबिंदू असतात. प्रत्येकाचे लाल, हिरवा व निळा असे तीन भाग धरले तर जवळजवळ अडीच कोटी कप्पे होतात. ठिपक्यांच्या रांगोळीत एक ठिपका सरकला तरी आकृती बिघडते. येथे अडीच कोटी ठिपके आपापल्या जागी, आपापल्या रंगात आणि सारख्या जाडीत पडले पाहिजेत. ओएलईडीच्या कारखान्यात हे काम धातूच्या बारीक जाळीआडून बाष्प सोडून करतात. त्यात बरेचसे मोलाचे द्रव्य जाळीवरच बसते, आणि मोठ्या आकाराची जाळी स्वतःच्या वजनाने झोळासारखी लोंबते. इंकजेट छपाईत जाळी लागत नाही. जेथे रंग हवा तेथेच थेंब पडतो आणि शाई फुकट जात नाही.

कार्यालयांतून दिसणाऱ्या इंकजेट प्रिंटरचे मूळ तत्त्व जुने आहे. पाण्याची बारीक धार तुटून तिचे थेंब का होतात, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८७८ च्या सुमारास मांडले. मागणीबरहुकूम एकेक थेंब सोडणारी यंत्रे १९७० च्या दशकात आकाराला आली. या कामासाठी आजही वापरात असलेल्या एका प्रमुख पद्धतीत शाईच्या सूक्ष्म कोठीची भिंत लेड झिर्कोनेट टायटॅनेट या पदार्थाची असते. विजेचा ठोका मिळाला की ती किंचित आकुंचते आणि छिद्रातून एक थेंब बाहेर फेकते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की हा पदार्थही पेरोव्हस्काइट कुळातलाच आहे. म्हणजे एक पेरोव्हस्काइट दुसऱ्याला ढकलून कागदावर, नव्हे काचेवर, पाठवतो. फेकणारा भाऊ कणखर, फेकला जाणारा मऊ.

असा थेंब साधारण १० पिकोलिटरचा, म्हणजे एका लिटरच्या दहा हजार कोटींश भागाचा असतो. त्याचा व्यास सुमारे २७ मायक्रॉन भरतो. तो सेकंदाला काही मीटर वेगाने निघतो. शाई फार पातळ असेल तर मुख्य थेंबामागे उपथेंबांची पिलावळ निघते आणि शेजारचा कप्पा बिघडवते. फार दाट असेल तर थेंब सुटतच नाही. दाटपणा, पृष्ठताण, घनता आणि छिद्राचा आकार यांच्या मेळातून निघणारा एक अंक शास्त्रज्ञ वापरतात. जर्मनीच्या ओनेझॉर्गे यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या अंकाचा तो व्यस्त होय. तो १ ते १० या दरम्यान असेल तर शाई छापण्याजोगी, असा ठोकताळा आहे. पेरोव्हस्काइटच्या द्रावणांना एवढी परीक्षा उतरणे फारसे जड जात नाही. खरी परीक्षा थेंब काचेवर पडल्यानंतर सुरू होते.

ओट्यावर सांडलेला चहाचा थेंब वाळला की मध्ये फिकट आणि कडेला गडद वलय उरते, हे घरोघरी दिसते. १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी त्याचे कारण उलगडले. थेंबाची कड काचेला चिकटून राहते आणि तेथून द्रव अधिक वेगाने उडतो. ती तूट भरून काढण्यासाठी मधला द्रव कडेकडे वाहतो आणि आपल्याबरोबर कणही वाहून नेतो. चहाच्या डागात याने काही बिघडत नाही. दिव्याच्या कप्प्यात मात्र सारे बिघडते. प्रकाश देणारा थर काही दशक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असतो. कडेला तो जाड झाला तर तेथून वीज जात नाही. मध्ये उघडा पडला तर वरचा आणि खालचा थर एकमेकांना भिडून सारी वीज त्या भोकातून निघून जाते आणि कप्पा काळाच राहतो.

यावर अनेक उपाय योजले जातात. एक उपाय दोन द्रावकांच्या मिश्रणाचा. उशिरा उडणारा द्रावक कमी पृष्ठताणाचा निवडला तर कडेला तोच शिल्लक राहतो, कडेचा पृष्ठताण उतरतो आणि पृष्ठभागावरचा प्रवाह कडेकडून मध्याकडे वळतो. वलयाचा जोर त्यामुळे मोडतो. दुसरा उपाय शाईत थोडे बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, मिसळण्याचा. त्याने प्रवाह मंदावतो आणि स्फटिकांच्या पृष्ठभागावरील उणिवाही झाकल्या जातात. तिसरा उपाय थेंब पडताच निर्वातात नेऊन सारे स्फटिक एकदम धरवण्याचा. बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये आणखी एक युक्ती प्रसिद्ध केली. त्यांनी खालच्या थरातच पोटॅशियम क्लोराइड हा साधा क्षार मिसळला. दुधाला विरजण लावावे तसे त्या क्षाराच्या बारीक कणांनी पेरोव्हस्काइटच्या स्फटिकांना सर्वत्र सारखी सुरुवात करून दिली. त्यामुळे गरगर फिरवण्याचा आधार न घेता, केवळ छापलेल्या थरातून त्यांना चांगला उजळणारा दिवा मिळाला.

येथे दोन वाटा फुटतात आणि त्यांत गल्लत होऊ देता कामा नये. पहिली वाट विजेवर चालणाऱ्या दिव्याची. तीत थर अतिशय पातळ, अखंड आणि वीजवाहक असावा लागतो. दुसरी वाट रंग बदलण्याची. तीत मागे निळा दिवा असतो आणि छापलेला ठिपका त्या निळ्याचे हिरव्यात किंवा लालमध्ये रूपांतर करतो. त्याला वीज वाहावी लागत नाही, म्हणून थर जाड चालतो आणि स्फटिककण एखाद्या पॉलिमरमध्ये बंदिस्त ठेवता येतात. बीजिंग येथील झोंग यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलेली पद्धत या दुसऱ्या वाटेची आहे. त्यांनी घटक क्षारांची शाई थेट पॉलिमरच्या थरावर छापली. शाईतील द्रावकाने पॉलिमर किंचित फुगले, क्षार आत शिरले, द्रावक उडाला आणि स्फटिककण पॉलिमरच्या आतच जन्मले. छपाई आणि घडण एकाच वेळी झाली, आणि जन्मतःच संरक्षणही मिळाले. पेरोव्हस्काइट नसलेल्या, कॅडमियमविरहित पुंजकणांच्या बाबतीत ही दुसरी वाट बाजारात पोहोचलीही आहे. सॅमसंग डिस्प्लेने २०२१ मध्ये उत्पादन सुरू केलेल्या पडद्यांत रंग बदलणारा थर इंकजेटने छापला जातो.

आता मूळ पेचाकडे वळावे. सैल पकडीचे आयन जसे चटकन जागेवर बसतात, तसेच ते चटकन जागा सोडतात. हिरव्या ठिपक्याला लाल ठिपका चिकटला तर ब्रोमीन तिकडे जाते, आयोडीन इकडे येते आणि दोन्ही ठिपके मधल्याच कुठल्या तरी रंगाचे होतात. कागदावर शेजारचे दोन रंग एकमेकांत पसरले तर कडा पुसट होते एवढेच. येथे रंगच बदलतो. म्हणून प्रत्येक कप्प्याभोवती बांध घालावा लागतो आणि कणांवर कवच चढवावे लागते. एकाच कप्प्यात दोन हॅलोजनांचे मिश्रण असले तरी सुटका नाही. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की ब्रोमाइड-आयोडाइड मिश्रणावर प्रकाश पडत राहिला की दोन्ही वेगळे होऊन गट करतात. निळ्या रंगासाठी क्लोरीन-ब्रोमीनचे मिश्रण घेतले तर विजेच्या दाबाखाली तसाच प्रकार घडतो. निळा पेरोव्हस्काइट दिवा हिरव्या-लालच्या मागे रेंगाळतो, याचे हे एक मोठे कारण आहे.

पाण्याशी तर या पदार्थाचे उघड वैर आहे. मिथिल अमोनियम लेड आयोडाइडचा काळपट थर दमट हवेत राहिला की विघटन होऊन पिवळे लेड आयोडाइड उरते. स्फटिककणांना तरंगते ठेवण्यासाठी त्यांच्या अंगावर सेंद्रिय रेणूंचे आवरण असते. झ्युरिकच्या पद्धतीत त्यासाठी शेंगदाण्याच्या तेलातही आढळणारे ओलेइक आम्ल आणि त्याच्या जातीचे अमाइन वापरले होते. हे आवरण जाड ठेवले तर वीज अडते, पातळ केले तर कण एकमेकांत मिसळून जातात. आवरण किती ठेवावे, हाच प्रत्येक शाईचा नाजूक हिशेब असतो.

या क्षणभंगुरतेचाही कोणी कौशल्याने उपयोग केला आहे. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी शिसेयुक्त, पण न उजळणाऱ्या एका संयुगाची शाई करून इंकजेटने मजकूर छापला. साध्या प्रकाशात आणि अतिनील प्रकाशातही तो दिसत नसे. त्यावर विशिष्ट ब्रोमाइडचे द्रावण लावताच जागच्या जागी पेरोव्हस्काइट तयार होऊन अतिनील प्रकाशात अक्षरे हिरवी उजळत. मिथेनॉल लावले की ती मावळत, आणि ब्रोमाइड पुन्हा लावले की परत उमटत. ज्या दुर्बलतेने दिवा करणारा हैराण होतो, ती गुप्तलिपी लिहिणाऱ्याच्या कामी आली.

दिव्याला मात्र टिकावेच लागते. २०२२ मध्ये सोल येथील राष्ट्रीय विद्यापीठाच्या ताए-वू ली यांच्या गटाने हिरव्या दिव्याची शंभर इलेक्ट्रॉनांमागे २८.९ प्रकाशकण ही कार्यक्षमता प्रसिद्ध केली. शंभर नीट इतक्या सौम्य तेजाला या दिव्याची चमक निम्मी होण्यास तीस हजारांहून अधिक तास लागतील, असा अंदाज त्यांनी दिला. हजार नीट तेजाला हाच काळ ५२० तासांवर येतो. आकडे कौतुकास्पद आहेत. पण हा दिवा हिरवा होता, आणि तो फिरत्या तबकडीवर केलेला होता. छापलेले दिवे या मजलेच्या बरेच मागे आहेत. आणखी एक मर्यादा आकाराची. सत्तावीस मायक्रॉनचा थेंब दूरदर्शनच्या पडद्याला पुरेसा लहान आहे. चष्म्यात बसवायच्या चिमुकल्या पडद्याला तो अजस्र ठरतो. तेथे विजेच्या आकर्षणाने छिद्राहूनही बारीक थेंब ओढून घेणारी निराळी छपाई लागते. ती सूक्ष्म असते, पण मंद असते.

शेवटचा आणि सर्वांत गंभीर प्रश्न शिशाचा. सीझियम लेड ब्रोमाइडच्या वजनात शिशाचा वाटा सुमारे ३६ टक्के असतो. पन्नास नॅनोमीटरचा अखंड थर धरून हिशेब केला, तर एका चौरस मीटर पडद्यात सुमारे ८५ मिलिग्रॅम शिसे येते. एकूण पाहता ते थोडे वाटते. परंतु युरोपीय संघाचे नियम आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले भारताचे ई-कचरा नियम शिशाची मर्यादा संपूर्ण उपकरणावर मोजत नाहीत. प्रत्येक एकजिनसी पदार्थावर मोजतात, आणि ती मर्यादा ०.१ टक्का आहे. प्रिंटरच्या डोक्यातील कणखर पेरोव्हस्काइटमध्येही शिसे असते. त्या प्रकारच्या सिरॅमिकला युरोपीय नियमांनी सवलत दिली आहे. पण ते पाण्यात सहजासहजी उतरत नाही. पडद्यावरचे शिसे मात्र विरघळणाऱ्या क्षाराचे असते. फुटका पडदा उकिरड्यावर पावसात पडला तर ते मातीत झिरपते. आणि शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, हे वैद्यकशास्त्राने निर्विवादपणे दाखवलेले आहे. भारतात ई-कचरा उघड्यावर फोडणारे हात बहुधा गरिबाचे असतात, हे विसरून चालणार नाही. शिशाऐवजी कथील वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण कथील हवेतील ऑक्सिजनशी लगेच संयोग पावते आणि दिव्याची योग्यता घसरते. शाईतील द्रावकांचाही प्रश्न आहे. डायमिथिल फॉर्मामाइड हा नित्य वापरातला द्रावक प्रजननाला अपायकारक असल्याने डिसेंबर २०२३ पासून युरोपीय संघात त्याच्या वापरावर निर्बंध आले आहेत. म्हणून संशोधक आता कमी घातक द्रावकांच्या शोधात आहेत.

तंत्र जमले म्हणजे धंदा जमला असेही नाही. जपानमध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांचे ओएलईडी विभाग एकत्र करून २०१५ मध्ये जेओलेड ही कंपनी स्थापन झाली. तिने इंकजेटने छापलेले ओएलईडी पडदे खरोखर बाजारात आणले. तरीही मार्च २०२३ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. पेरोव्हस्काइटची शाई त्याच बाजारात, अधिक नाजूक पदार्थ घेऊन उतरू पाहते आहे.

श्रोतेहो, नव्या शोधांच्या वार्ता वृत्तपत्रांतून रोज येतात आणि त्या पारखण्याचे साधन सामान्य वाचकाजवळ नसते, अशी तक्रार ऐकू येते. निदान या विषयापुरते तीन प्रश्न हाताशी ठेवता येतील. प्रकाशाचा जो विक्रम सांगितला जात आहे, तो छापलेल्या थराचा आहे की फिरवलेल्या? कोणत्या रंगाचा दिवा, किती तेजाला, किती तास टिकला? आणि पडदा निकामी झाल्यावर त्यातील शिसे कोण परत घेणार? पहिल्या प्रश्नाची उत्तरे थेंबाच्या अभ्यासातून मिळू लागली आहेत. दुसऱ्याची हिरव्यापुरती दृष्टिपथात आहेत, निळ्यासाठी अद्याप दूर आहेत. तिसऱ्याचे उत्तर एकट्या प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते कारखानदार, शासन आणि पडदा विकत घेणारा नागरिक यांनी मिळून द्यायचे आहे, आणि शाई कारखान्यात जाण्यापूर्वी द्यायचे आहे.